राजाबाईच्या नावापुढचा अंगठा

सोनाजी हा त्यांच्या वस्तीवरचा पहिला बी.कॉम. बाप आप्पा उभा जन्म मेंढरांमागं हिंडला, आणि पोरगा औरंगाबादला क्रांती चौकाजवळच्या एका संस्थेत हिशेबनीस झाला. संस्था मेंढपाळ बायकांना दरसाल मेंढ्या वाटायची. आपला माणूस हापिसात बसलाय, असं वस्तीवरचे लोक अभिमानानं सांगायचे.

नोटाबंदीच्या आदल्या वर्षी ऑडिट तोंडावर आलं. सोनाजीनं आठवडाभर बसून पावत्या तारखेवार लावल्या, व्हाउचरं चिकटवली, बँकेचं पासबुक रोजकीर्दीशी ताडून पाहिलं. सगळं जुळलं. घोडं अडलं ते मेंढीवाटपाच्या रजिस्टरात. बायकांची नावं चाळीस, अंगठे एकोणचाळीस. बिडकीनकडच्या राजाबाईपुढचा रकाना कोरा होता.

कारण त्याला ठाऊक होतं. वाटपाच्या दिवशी राजाबाई कळप घेऊन लांब गेली होती. जनावरं परत कुठं न्यायची म्हणून तिच्या वाटणीच्या दोन मेंढ्या सेक्रेटरी काकासाहेबांनी यादीत नसलेल्या एका बाईला देऊन टाकल्या होत्या. कागदावर त्याची नोंद नव्हती.

"उद्या ऑडिटर येतोय, अन् हे असं उघडं ठेवतोस?" काकासाहेब म्हणाले.

"पण साहेब, तिला मेंढ्या मिळाल्याच नाहीत."

"पुढच्या साली देऊ की. आत्ता तेवढा रकाना भरून टाक."

ते जेवायला गेले. सोनाजीनं दार लोटलं, शाईच्या पॅडवर आपला डावा अंगठा दाबला आणि राजाबाईच्या नावापुढं उमटवला. मग मोरीत जाऊन साबणानं बोट घासत बसला. नखाच्या कडेला शाई राहिलीच. दुसऱ्या दिवशी ऑडिटरनं रजिस्टर चाळलं, खूण केली, पान उलटलं. सोनाजी हात टेबलाखाली धरून बसला होता. ऑडिट निभावलं म्हणून संध्याकाळी पेढे आले. सोनाजीनं आपला पेढा कागदात गुंडाळून खणात ठेवला.

पावसाळ्यात राजाबाई नव्या यादीत नाव घालायला आली. ती सोनाजीच्या आईची मैत्रीण. तिनं त्याला कडेवर खेळवलेलं.

"तुम्हाला गेल्या साली मिळाल्यात. दुसऱ्यांदा नाहीत," काकासाहेबांनी रजिस्टर पुढं सरकवलं.

"मला? कवा?" ती सोनाजीकडं वळली. "सोना, मला वाचता येत नाय. काय लिव्हलंय, तू सांग बाबा."

सोनाजीनं काकासाहेबांकडं पाहिलं, मग पानाकडं. "मेंढ्या मिळाल्या असं लिहिलंय, मावशी."

तिनं पानावरच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. "मंग आमच्या मालकानंच कुणाचा तरी अंगठा लावून नेल्या आसतील. इकून पिला आसंल मुडदा," असं पुटपुटत ती जिना उतरली. सोनाजीनं रजिस्टर मिटलं.

आठ दिवसांनी आई, बानाबाई, जेवायला वाढताना म्हणाली, "राजीनं तिच्या मालकाला, कडूबाला, घराबाहेर काढलं म्हनं. बिचारा बिरोबाची आण घेतोय. कुणी ऐकंना."

सोनाजीनं हातातला घास ताटात ठेवला. पिणारा असला तरी कडूबा चोर नव्हता, आणि हे खात्रीनं सांगू शकणारा माणूस तो स्वतःच होता.

सकाळी तो थेट ऑडिटरकडं गेला आणि सगळं लिहून, खाली सही करून दिलं. मग बिडकीनची बस धरली. कडूबा मारुतीच्या पारावर बसलेला होता. त्याला घेऊन सोनाजी राजाबाईच्या दारात गेला आणि दोघांच्या पुढ्यात सांगितलं, "मावशी, तो अंगठा माझा हाय."

राजाबाई ओरडली नाही. तिनं आधी नवऱ्याला आत घेतलं, पाणी दिलं. मग बाहेर आली.

"मी तुलाच इचारलं व्हतं, सोना. त्या सायबाला नाय."

ऑडिटरच्या पत्रानंतर संस्थेला राजाबाईच्या मेंढ्या द्याव्या लागल्या. सोनाजीची नोकरी त्याच महिन्यात गेली. पुढं तो वाळूजला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागला. बिडकीनला गेला की राजाबाईच्या घरी डोकावतो. कडूबा हसून बोलतो, राजाबाई चहा ठेवते. पण पूर्वी ती कुठलंही सरकारी पत्र आलं की सोनाजीसाठी जपून ठेवायची. आता शेजारच्या शाळेतल्या बाईंकडून वाचून घेते. सोनाजी चहा पितो, कप विसळून ठेवतो आणि बस गाठायला निघतो.