शाकाहारी बर्फ आणि लाल दिवा

आमच्या तालुक्यातल्या मासळीवाल्यांनी, सरबतवाल्यांनी आणि झाडून सगळ्या लग्नांनी मिळून जेवढा बर्फ संपवला नसेल, तेवढा माझ्या धाकट्या दिराने एका उजव्या गुडघ्यावर संपवला. त्यातून गुडघ्याला काय मिळालं ते गुडघ्याला ठाऊक. मला मात्र तो अख्खा पावसाळा ओली ओटी पुसावी लागली.

मी लग्न होऊन खाडीकाठच्या या घरात आले तेव्हा हा माझ्या कमरेएवढा होता आणि नाक गळत होतं. म्हणून मी त्याला आजही अरे-तुरे करते. चार पाहुणे असले की ‘भावजी’ म्हणते, पण ते ऐकून तो स्वतःच दचकतो आणि मागे कोण उभं आहे ते बघतो. माणूस वाईट नाही. एक खोड सोडली तर सरळ आहे. खोड अशी, की कुठलीही गोष्ट एकटी असलेली त्याला बघवत नाही. डोकं दुखलं की बाम लावायचा आणि वरून सुंठही उगाळून लावायची. भाताची शेतं गेली आणि तिथे गोदामं उभी राहिली, तेव्हा कुंपणाला झाड लावायचं ठरलं, तर याने एकाच खड्ड्यात नारळ आणि शेवगा दोन्ही लावले. म्हणाला, एक तरी जगंल. दोन्ही जगले, आणि आता नारळ काढायचा तर आधी शेवग्याशी भांडावं लागतं. मुलाच्या लग्नात ब्रास बँडही सांगितला आणि बेंजो पार्टीही. दोन्ही एकदम वाजायला लागले तेव्हा घोडा नवरदेवाला घेऊन मांडवाच्या उलट दिशेने निघाला. नवरा शेवटी घोड्यावरून उतरून चालत आला. सासरच्यांना वाटलं, आमच्यात तशीच रीत असेल.

आता गुडघ्याचं. तरुणपणी हा कबड्डी खेळायचा. चढाईला गेला असताना याला पकडलं आणि गुडघा मुरगळला, ही गोष्ट खरी. पण सुरुवातीला पकडणारे तीन गडी होते. माझ्या पोरांच्या लहानपणी ते पाच झाले. हल्ली अख्खा संघ अंगावर पडतो आणि पंचही पाय धरतात. ते काही असो, गुडघा दर पावसाळ्यात सुजायचा आणि गणपतीपर्यंत उतरायचा. ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे त्या वर्षी तो आधीच भलता सुजला. आषाढात याला जेवायला पाटावर बसता येईना. उभ्याने जेवायला लागला, घोड्यासारखा.

तरी कोणी फिकीर केली नसती. पण आमच्या घरचा गणपती चाकावर बसत नाही. गाडी नाही, हातगाडी नाही, काही नाही. मूर्तिकाराच्या घरून डोक्यावर येतो आणि गौरीबरोबर डोक्यावरूनच खाडीवर जातो. डोक्यावर फडक्याची चुंबळ, तिच्यावर पाट, पाटावर गणपती. एकदा उचलला की पाण्यापर्यंत खाली टेकवायचा नाही. आधी माझा नवरा न्यायचा. तो गेला त्या वर्षापासून हा नेतो. चुंबळ माझ्याच जुन्या लुगड्याची लागते. नवं फडकं सरकतं म्हणतो. त्याच्या चुंबळीपायी माझी किती लुगडी आयुष्य संपायच्या आधीच फाटली, ते मी मोजलं नाही.

याच्या मुलाचा टेम्पोचा धंदा आहे. दापोड्याच्या गोदामातून माल उचलायचा आणि पोचवायचा. तो बापाला उभ्याने जेवताना बघून एवढंच म्हणाला, “बाबा, यंदा टेम्पो काढू. धुऊन काढतो, हार घालतो.”

माझ्या दिराने ताट खाली ठेवलं. “त्या टेम्पोतनं काल काय नेलंस?”

“फिनेल.”

“मग देवाला फिनेलच्या जागेवर बसवतंस? मी हाय तवर गणपती चाकावर बसायचा न्हाय.”

आणि उपचाराला लागला.

ठाण्याच्या डॉक्टरने गुडघ्याला लाल दिव्याचा शेक दिला होता. त्याने बरं वाटलं होतं. त्याच आठवड्यात टीव्हीवर याने एक क्रिकेटवाला बर्फाच्या टबात बसलेला पाहिला. खेळून दमला की हे लोक बर्फात बसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळतात, असं सांगत होते. झालं. एकीकडे डॉक्टर, दुसरीकडे टीव्ही, आणि याने दोघांची सोयरीक आमच्या ओटीवर जुळवली.

“वयनी, बर्फानं दुखणं झोपतं,” मला समजावून सांगितलं, “आणि लाल उजेडानं मांस जागं होतं.”

“आणि मधे तू काय करतोस?”

“मी चा पितो.”

दिवा विकत आणायची गरज नव्हती. याच्या बायकोने, म्हणजे माझ्या जावेने, मागच्या पडवीत कोंबडीची पिल्लं ठेवली होती, त्यांच्या उबेला लाल बल्ब टांगलेला होता. याने तो काढला आणि ओटीवर खुर्चीला बांधला. पिल्लंही मागोमाग आली. हा लाल उजेडात पाय सोडून बसलेला आणि गुडघ्याभोवती पिल्लं गोळा झालेली. एक तर पोटरीवर चढून झोपलं. जाऊ म्हणाली, “बघा, जन्मात पहिल्यांदा घरातलं कोणीतरी यांच्या जवळ येऊन बसलं.”

बर्फ त्याने आणला बाजारातल्या ओळखीच्या मासळीवालीकडून. आषाढात कोणाला काही वाटलं नाही. मांजरांना वाटलं. गुडघ्याला बोंबलाचा वास आला आणि गावातली मांजरं ओटीखाली येऊन बसायला लागली. पिल्लं वर, मांजरं खाली. जाऊ काठी घेऊन मधे. पण श्रावण लागला आणि मी सांगून टाकलं, की आमच्या घरात आता गणपती जाईपर्यंत मासळी शिजत नाही, तर मासळीच्या पेटीतला बर्फही उंबऱ्याच्या आत येणार नाही. त्याला ते पटलं, कारण ज्याच्यासाठी गुडघा बरा करायचा तोच देव रागावून कसं चालेल. तेव्हापासून तो ‘शाकाहारी बर्फ’ आणायला लागला.

शाकाहारी बर्फ म्हणजे कारखान्यातून नुसता आणला असं नाही. लादी ज्या गाडीतून आली ती गाडी आदल्या दिवशी कुठे गेली होती, हे विचारायचं. गोणपाट हुंगायचं. लाकडाचा भुसा हुंगायचा. शेवटी लादी हुंगायची. कारखान्यातला माणूस वैतागून म्हणाला, “चाचा, ये पानी है. पानी में मच्छी रहती है, मालूम है ना?” त्यावर याने चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी म्हणाला, नळाच्या पाण्याचा असेल तर चालतो.

खरी अडचण वेगळीच होती. त्या वर्षांत भिवंडीत लाइट असण्यापेक्षा नसायची जास्त. यंत्रमाग बंद पडले की गावभर शांतता पसरायची आणि लोकांना कळायचं, गेली. बर्फ घेऊन हा घरी पोचायचा तेव्हा लाइट गेलेली असायची. लाइट यायची तेव्हा बर्फाचं पाणी होऊन ओटीवरून अंगणात गेलेलं असायचं. बर्फ आहे तर दिवा नाही, दिवा आहे तर बर्फ नाही. याच्या उपचाराचं अर्धं अर्धं रोज व्हायचं, पूर्ण कधी झालं नाही. आणि गुण येत नाही याचं कारण त्याला सापडलं. औषध बरोबर आहे, वीज मंडळ चुकतंय.

मग हा खुर्ची, बल्ब आणि बर्फाची बादली घेऊन आमच्याच जागेवरच्या गोदामात जाऊन बसायला लागला. तिथे जनरेटर होता. जागेचा मालक म्हणून त्याला कोण उठवणार. हमाल आधी लांबून बघत होते. मग एकाने विचारलं, “सेठ, ये क्या लगाया है?”

“इलाज. तुमको किधर दुखता है?”

हमालाला कुठे दुखत नाही असं विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी बादलीपुढे रांग लागली. कोणाची कंबर, कोणाचा खांदा. हा मधे खुर्चीत बसून सांगायचा, “पहले ठंडा, फिर लाल.” पण तिथे दिवा एकच, त्यामुळे याच्या स्वतःच्या वाट्याला लाल येईपर्यंत जनरेटरचं डिझेल संपायचं. मुकादम घरी आला. मला हात जोडून म्हणाला, “आजी, सेठना घरी ठेवा. माल गाडीत भरायचा राहतोय, सगळे लाल होऊन बसलेत.” मी म्हटलं, घरी ठेवायला आम्ही पण तयार नाही, पण आणते.

तरी एक दिवस उजाडला. गणपती चार दिवसांवर आलेला. दुपारची लाइट जायची वेळ झाली, हा बर्फ घेऊन आला आणि लाइट गेली नाही. मागांचा खडखडाट तसाच चालू. याने वर बल्बकडे पाहिलं, खाली बर्फाकडे पाहिलं. असा चेहरा मी त्याचा लग्नातही पाहिला नव्हता. गुडघा लाकडासारखा होईपर्यंत त्याने बर्फ बांधून ठेवला. मग गुडघ्यावर कोरडा टॉवेल टाकला, बल्ब जवळ ओढला, आणखी जवळ ओढला. सगळं मनासारखं झालं की माणसाला झोप येते. त्याला आली.

मला आत फडकं करपल्याचा वास आला. बाहेर येऊन बघते तर बल्ब टॉवेलला टेकलेला, टॉवेल काळा पडलेला आणि हा घोरतोय. बर्फाने गुडघा इतका बधिर झाला होता की भाजलेलं त्याला कळलंच नाही. मी ओरडले तेव्हा डोळे उघडून म्हणाला, “वयनी, आज काय आराम पडलाय.” गुडघ्यावर लिंबाएवढा फोड.

डॉक्टरने पट्टी बांधली आणि याला शाळेतल्या पोरासारखं झापलं. बधिर कातडीला चटका समजत नाही, बर्फ आणि शेक एका बैठकीला कोणी सांगितले होते? घरी येताना हा रिक्षात पट्टी चाचपत होता. मग म्हणाला, “मी लग्न लावून दिलं. दोघं मांडवातच भांडले.”

गणपती आणायच्या दिवशी पावसाने रस्ता धुतलेला होता आणि सपाट होता. हळूहळू आणला. पण खाडीवर जाताना शेवटी उतार आहे, दगडी, शेवाळलेला. गौरी-गणपती जायच्या दिवशी सकाळी मी त्याला स्पष्ट सांगितलं, “तू पडलास तर मला चालेल. मूर्ती पडलेली चालणार नाही.”

तो चुंबळ वळत होता. “वयनी, दादा असता तर टेम्पोत बसवला असता का?”

“तुझ्या दादाचे गुडघे शाबूत होते.”

“दादाला पण दुखायचं. तुला सांगायचा न्हाय.”

हे मला नवीन होतं. मी आत जाऊन नैवेद्याचं बघितलं.

मिरवणूक निघाली. हा पुढे, डोक्यावर गणपती, पट्टीवर पट्टी बांधलेला गुडघा. मागे बेंजो. त्याच्या मागे बायका. आणि सगळ्यांच्या मागे मुलगा रिकामा टेम्पो घेऊन पहिल्या गिअरमध्ये. बापाने न वळता ओरडून सांगितलं, टेम्पो मागे ने. मुलगा म्हणाला, “टेम्पो माझा हाय, रस्ता सरकारचा.”

उताराच्या मधोमध गुडघा अडकला. पुढे होईना, मागे येईना. खाली टेकवायचा तर नाहीच. बेंजो थांबला. मी त्याच्या पाठीशीच होते, पोटरी थरथरताना दिसत होती. तो कुणाला हाक मारेना. कुणाला मारणार? एवढ्या वर्षांत त्याने दुसऱ्या कुणाला त्या पाटाला हात लावू दिला नव्हता.

मागे टेम्पोचं दार वाजलं. मुलगा इंजिन चालूच ठेवून उतरला. चपला काढल्या, शेवाळावरून खाली आला आणि बापाच्या खांद्याला खांदा लावून मान वाकवली.

“बाबा, सरकवा.”

“तुला चुंबळ न्हाय.”

“न्हाय तर न्हाय. सरकवा.”

पाट एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर गेला. गणपती हलला नाही. मुलगा उघड्या डोक्याने उतरत पाण्यापर्यंत गेला, आणि माझा दीर तिथेच उताराच्या मधे उभा राहिला, डोक्यावर नुसती चुंबळ घेऊन. रिकामा टेम्पो वर घरघरत होता. तो बंद करायचंही कुणाला सुचेना.

दुसऱ्या दिवशी मुलाची मान धरली. इकडे वळेना, तिकडे वळेना. बापाला आनंद लपवता येईना. पहाटेच बर्फ घेऊन आला. आता गणपती गेले होते, तरी शाकाहारीच आणला. मुलाला खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, “आधी बर्फ. मग तासभर काय न्हाय. मग लांबून लाल. मी शिकलोय.” मुलगा बसला. त्याच्या खांद्यावर एक पिल्लू बसलं. तेवढ्यात लाइट गेली.

या गोष्टीला काही वर्षं झाली. आता मुलगाच गणपती नेतो. तक्रार करत नेतो, पण नेतो. पिल्लांच्या कोंबड्या होऊन कधीच संपल्या, बल्ब मात्र ओटीवर आहे. दर वर्षी गणपती निघायच्या सकाळी माझा दीर माझ्याकडे लुगडं मागतो आणि दोन चुंबळी वळतो. एक मुलाच्या डोक्यावर ठेवतो, दुसरी स्वतःच्या. मग मुलाच्या पुढे काठी टेकत खाडीपर्यंत चालतो, डोक्यावर काही नसलेली चुंबळ घेऊन, मान ताठ ठेवून. नवीन सुना हसतात. मी तोंडाची फटकळ, गावात कुणाला बोलायचं सोडलेलं नाही, पण याला काढ म्हणून सांगितलेलं नाही.

यंदा वाटेत त्याची चुंबळ कानावर घसरली. मी थांबवून सरळ करून दिली.

“घट्ट बसव, वयनी,” तो म्हणाला. “पुढं उतार हाय.”