दोन भावांचं किलिमांजारो

किलिमांजारोहून परत येऊन वर्ष होत आलं, तरी मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी चालताना रोज एखादा नवा किस्सा निघतोच. आफ्रिकेतला सगळ्यात उंच डोंगर चढायला गेलेले आम्ही तिघे. मी, तात्या आणि त्याचा थोरला भाऊ दादा. परसातल्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, या सख्ख्या भावांचं बोलणं कित्येक वर्षं बंद! तात्याने ट्रेकसाठी नाव नोंदवलं, म्हणून दादानेही नोंदवलं. मला दोघांचाही राग यायचा आणि मायाही तितकीच वाटायची.

*

ट्रेक कंपनीच्या मुलीने फोनवर तात्याला विचारलं, "सर, तुम्ही समुद्रसपाटीपासून किती उंच राहता?"

"मॅडम, भरतीच्या वेळी आम्ही थोडे खालीच असतो!"

*

सरावाला वैभववाडीहून घाट चढलो. दोघे हातभर अंतरावर, आणि मधला टपालवाला मी.

"तेका इचार, पाणी होया काय?" दादा मला म्हणाला.

"सांग तेका, माझ्याकडे आसा!"

तात्याची बाटली रिकामी होती, हे मला दिसत होतं.

*

डोंगरावर तिसऱ्या दिवशी दादाने पिशवीतून सुको बांगडो काढला आणि स्टोव्हवर भाजला. अख्खा कॅम्प नाक धरून पळाला! तात्या मात्र बरोबर वास येणाऱ्या बाजूला येऊन बसला. दादाने मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला. "तुका जास्त झालो तर दी कोणाक तरी." मी दिला. तात्याने मान खाली घालून काटेसुद्धा चोखले.

*

शेवटच्या कॅम्पवर दादाला उलट्या सुरू झाल्या. गाईडने त्याला वर न्यायला साफ नकार दिला. तात्या तंबूबाहेर बुटाची नाडी बांधत बसला, ती काही बांधून होईना.

"तेका सांग, मी पण जाणंय नाय."

आतून आवाज आला, "सांग तेका, गप वर जा म्हणान!"

*

शिखरावर पोचलो. गाईडने वॉकीटॉकीवरून खाली दादाजवळ थांबलेल्या माणसाला कळवलं. तात्याने टोपी काढली, हात जोडले आणि चक्क देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाईडला काय वाटलं कोण जाणे, त्याने वॉकीटॉकी तात्याच्या तोंडासमोर धरला.

"बा देवा म्हाराजा! तुझां लेकरू परमुलखात उभां आसा. खाली तंबूत माझो दादा आसा. तेचो जीव थाऱ्यावर ठेव रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला सोबतच्याने होकार द्यायचा असतो, म्हणजे मीच. पण मी अजून तोंडावरची मफलर सोडवत होतो. तात्या हात जोडून तसाच उभा.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला.

"होय म्हाराजा!"