नेदेल्काचा न घडलेला खुबा

नेदेल्काचा उजवा खुबा जन्मापासून वाटीत बसलेलाच नव्हता. मांडीच्या हाडाने वर सरकून कमरेच्या हाडात स्वतःपुरता खळगा कोरला होता, आणि त्यावर ती साठीपर्यंत लंगडत का होईना, चालली. हातमोज्यांच्या कारखान्यात बसून शिवायचं काम, त्यामुळे निभावलं. मग तो खळगा झिजला आणि पाय टेकला की जीव जायची वेळ येऊ लागली. गाब्रोवो शहरातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. आम्ही दोघी पाचव्या मजल्यावर, समोरासमोर. दोन हिवाळे ती खाली उतरलीच नाही.

तळमजल्यावरचा वेलिच्को, बसचा निवृत्त ड्रायव्हर, बर्फावर घसरला आणि त्याचा खुबा मोडला. त्याला नवा सांधा बसवला आणि थोड्याच दिवसांत तो काठीशिवाय पाव आणायला जाऊ लागला.

"वहिनी, घाबरता कशाला? जुनं काढतात, नवं ठोकतात, झालं," तो वर येऊन तिला म्हणाला.

त्याच भरवशावर ती त्याच्याच डॉक्टरकडे गेली. मी सोबत होते. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला आणि वर सरकलेलं हाड बोटाने दाखवलं.

"हाड खाली ओढून खऱ्या वाटीत बसवायचं म्हणजे आखडलेली नस ताणली जाणार. मांडीचं हाड थोडं कापून घेऊ. तरी नस दुखावली तर पाऊल उचलता येणार नाही."

"वेलिच्कोला हे सांगितलं होतंत?"

"त्यांचा सांधा मोडला होता, बाई. तुमचा घडलाच नव्हता."

तरी तिने होकार दिला. घरात बसून मरण्यापेक्षा बरं, म्हणाली.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आली तेव्हा दोन्ही पाय जवळपास सारखे लांब झाले होते. उजवं पाऊल मात्र ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. डॉक्टरांनी वर उचलायला सांगितलं. तिने दात आवळून जोर लावला. पाऊल हललं नाही.

नवऱ्याने, गांचोने, माणसं बोलावून तिला खुर्चीसकट वर आणलं. वाकायचं नाही, बुटक्या खुर्चीत बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. पाऊल पट्ट्याने बांधलेलं. आणि सरळ उभी राहिली की तिला वाटे, कुणीतरी आपल्याला डावीकडे ढकलतंय. कणा बिचारा आयुष्यभराच्या तिरक्या चालीला सरावलेला.

वेलिच्को रोज जिना चढून यायचा, तिला हुरूप द्यायला. त्याची पावलं ऐकली की ती भिंतीकडे तोंड करायची.

"मनावर घ्या, वहिनी. मी नाही का चाललो?"

"तुमचे पाय घेऊन खाली जा," ती एकदा म्हणाली. "परत दाखवायला आणू नका."

तो यायचा थांबला. शरद आला. अंगणात बायका साठवणीच्या गोड मिरच्या भाजायला बसल्या, वास वरपर्यंत येई. खालून वेलिच्कोचा आवाज आला की नेदेल्का आता दाराकडे बघे. एका सकाळी मला म्हणाली, "मला खाली ने. त्याची माफी मागायची आहे."

गांचो कामावर होता. मी नको म्हटलं, पण तिने कुबड्या घेतल्याच. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पाऊल पायरीत अडकलं. कठड्याला धरून ती उभी राहिली. खाली जाववेना, वर चढवेना. 

"इथेच राहणार मी," ती हळूच म्हणाली. "ना घरची, ना अंगणातली."

मी वेलिच्कोला हाक मारली. तो स्वयंपाकघरातली उंच खुर्ची खांद्यावर घेऊन आला, तिला बसवलं आणि स्वतः पायरीवर बसला. ती म्हणाली, "चुकले मी." तो म्हणाला, "मीही जरा जास्तच बोलायचो." मग भाजलेल्या मिरच्यांची ताटली आणायला तो पुन्हा खाली गेला.

वसंतात पाऊल थोडं उचललं जाऊ लागलं, पूर्ण नाही. पट्टा अजून आहे. डॉक्टर म्हणतात, सांधा उत्तम बसलाय. ती आता गांचोचा हात धरून रविवारी अंगणात येते. एरवी ती वरच असते, खिडकीपाशी, आणि बाहेर कोण चाललंय ते बघत बसते.