आतून सरकलेले ठिपके

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. दरवेळी नवीन कारण शोधलं, खरं कारण एकच... तिच्यात चूक माझी होती. गेल्या महिन्यात अहेरीहून वनिताचा फोन आला. "बाबा गेले जी, सर." तेरवीचा दिवसही तिने सांगितला. मी गेलो नाही.

तिचे वडील मारोतभाऊ आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजात प्रयोगशाळेत कंत्राटी मदतनीस होते. घर बुरडकामाचं, त्यामुळे बांबू हातात आला की अंगठ्याच्या नखाने टिचकी मारायची आणि कान लावायचा, ही त्यांची जन्माची सवय. बांबूवर भार आला की तो आत कुठे आणि किती सरकतो, हे न कापता पाहायचं असा आमचा प्रयोग होता. बांबू आडवा कापला की तिळासारखे ठिपके दिसतात. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचे ते पुंजके. क्ष-किरणांचं यंत्र तुकड्याचं आतलं चित्र काढतं, लांबी-रुंदी-खोलीसकट. एक चित्र भार देण्याआधी, एक दिल्यावर. मग संगणक पहिल्या चित्रातला प्रत्येक ठिपका दुसऱ्यात शोधतो आणि तो किती हलला ते सांगतो. अट एवढीच, की मधल्या वेळात तुकड्याला कुणी बोट लावायचं नाही.

मारोतभाऊंना याचं भारी नवल. पडद्यावर ठिपके उमटले की स्टूल ओढून बसत. मी म्हणायचो, बांबू आधी बाहेरच्या सालीवर ताणतो. ते म्हणायचे, नाई, गाठीजवळ आतून सुटतो, सालीला मागून कळतं. एकदा मला टोमणाही मारला, "एक्सरे काढाले आला म्हणजे दुखते कुठी ते सांगीनच ना तो. तुमी आयकान तवा."

एका दुपारी दुसऱ्या चित्रात ठिपके हलल्याचा आकडा भलताच मोठा आला. भार तर अगदी हलका होता. मधल्या वेळात मी चहाला गेलो होतो आणि खोलीत मारोतभाऊ एकटे होते. मला ती टिचकी आठवली. विद्यार्थ्यांसमोरच विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "मी नाई हात लावलो जी. तो आतूनच सरकला." मी नोंदवहीत लिहिलं : नमुना हाताळल्यामुळे मोजमाप बाद. त्या शेऱ्यामुळे त्यांचं कंत्राट पुढे वाढलं नाही. ते अहेरीला परतले, सुपं-टोपल्या विणू लागले.

निवृत्तीनंतर सहज कुतूहल म्हणून मी ती जुनी डिस्क उघडली. तेव्हा मी फक्त सगळ्या ठिपक्यांची सरासरी पाहिली होती. आता एकेक पाहत गेलो. कुणी धक्का दिला असता तर झाडून सगळे ठिपके एकाच बाजूला, सारखेच हलले असते. इथे सालीजवळचे जागच्या जागी होते. सरकले होते ते गाठीजवळचे, आतल्या अंगाचे. इतकी साधी गोष्ट... शाळेतल्या पोरालाही कळली असती.

त्या चित्राची प्रत खिशात घालून मी अहेरीला गेलो. बाजाराचा दिवस होता. मारोतभाऊ टोपल्यांच्या ढिगामागे बसले होते. मला पाहून उठले, बसायला पोतं झटकून दिलं, चहा मागवला. मशीन चालू आहे का, ठिपके अजून दिसतात का, एवढंच विचारत राहिले. मग म्हणाले, "इतक्या दूर काऊन आले जी, सर?"

माझा हात खिशावर होता. मी म्हणालो, "सूप पाहिजे होतं."

त्यांनी तीन सुपं काढली, एकेकाच्या काठावर नखाने टिचकी मारली, कान लावला आणि तिसरं माझ्या हातात दिलं.

ते सूप माझ्या टेबलाशेजारी भिंतीला टांगलेलं आहे. कधी मी त्याच्या काठावर टिचकी मारून पाहतो. मला काही कळत नाही. घडी घातलेली प्रत त्याच्याच मागे खोचली आहे. ती दाखवून सांगायचं वाक्य अहेरीच्या गाडीत बसल्यापासून मी घोकत गेलो होतो... मारोतभाऊ, तुम्ही हात लावला नव्हता.