रिलीव्हर आल्याशिवाय

सख्ख्या भावाचं आपल्याशी झालेलं शेवटचं बोलणं एका कार्टूनबद्दल होतं, हे चारचौघांत सांगताना मला अजून जरा ओशाळल्यासारखं होतं. लोकांची माणसं जाताना काही शहाणपणाचं सांगून जातात, निदान नंतर तसं सांगितलं तरी जातं. आमच्या दादानं दवाखान्यातल्या खाटेवरून मला विचारलं, "बत्तीलालचा नवा ट्रेलर आला का वं?" नाकात नळी, हाताला सुई, आणि याला ट्रेलर हवा. मी म्हटलं, "आला असन. तू पड आता गपचूप." तर म्हणाला, "पूर्वाले येऊ दे. संगच पाहू." पूर्वा म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, हैदराबादला नोकरीला. ती गाडीत बसली होती, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार होती. एवढं बोलून त्यानं डोळे मिटले, आणि मी निश्चिंत मनानं घरी आले... सकाळी दुर्गला, बोरसीच्या माझ्या घरी मी नवऱ्याचा डबा भरत असताना वहिनीचा फोन आला. ती नुसतं "ये" म्हणाली. तिच्या आवाजावरूनच मला कळलं.

बत्तीलाल कोण, हे आताच्या वाचकांना सांगायला हवं. आम्ही भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा रविवारी संध्याकाळी टीव्हीवर तो हिंदीतून लागायचा. ढेरपोट्या, झुबकेदार मिशांचा एक म्हातारा. खांद्यावर शिडी, हातात कंदील. रोज संध्याकाळी आभाळाला शिडी लावायची, धापा टाकत चढायचं आणि एकेक तारा पेटवत जायचं, एवढंच त्याचं काम. कधी वारा तारा विझवायचा, कधी ढग शिडी पळवून न्यायचे. मला त्यात कधीच राम वाटला नाही, मी आपली टीव्ही नसलेल्या मैत्रिणींना आत घेऊन भाव खायचे. पण दादा! तो तेव्हा प्लांटमध्ये, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, नुकताच लागला होता, ओठावर मिसरूड होतं, आणि बत्तीलाल लागला की बाहेरची मित्रमंडळी सोडून टीव्हीपुढे मांडी ठोकायचा. आमचे बाबा भंडाऱ्याकडची शेती सोडून प्लांटात आलेले, त्यांना हे मुळीच खपत नसे. "एवढा घोडा झाला, अन् कार्टून पाहून राहिला!" ते ओरडायचे. दादा मान न वळवता म्हणायचा, "बाबा, हा बी ड्यूटीवरच हाय ना."

दादा क्रेन चालवायचा. मिलच्या छताशी टांगलेली ती केबिन, तिथे लोखंडी शिडीनं चढायचं आणि पाळी संपेपर्यंत वरच बसायचं. पाळी संपली म्हणून लगेच उतरता येत नाही. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, वर येऊन खुर्चीत बसला की मगच उतरायचं. तो उशिरा आला तर आपण थांबायचं. प्लांटातल्या घराघरांत हा नियम ठाऊक असतो, बाप उशिरा आला की पोरं म्हणतात, रिलीव्हर आला नसेल. पण आमच्या दादानं तो नियम घरी आणला, हे मात्र जगावेगळं. गणपतीच्या मंडपात बसवला, तर दुसरा येईपर्यंत हलायचा नाही. नळाच्या रांगेत बादलीपाशी उभा केला, तर तसाच. दुसरं माणूस आलं की उठताना ठरलेलं एकच वाक्य: "आला का? मंग मी उतरतो." जमिनीवर बसलेला माणूस कुठून उतरणार? पण तो तसंच म्हणायचा, आणि आम्ही पोटभर हसायचो.

माझ्या लग्नात मात्र मला हसू आलं नाही. बासुंदीची कढई भट्टीवर होती. आचारी म्हणाला, "भाऊ, दोन घास खाऊन येतो, जरा ढवळत राहा." आणि हा बसला ढवळत. आचारी जेवला, कुणाशी तरी गप्पा मारत बसला, पान खाल्लं. इकडे माझी पाठवणी झाली. मी दारात उभी राहून दादा कुठे, दादा कुठे विचारतेय, आई डोळे पुसतेय, सासरचे लोक गाडीला उशीर होतो म्हणून घाई करतायत, आणि माझा एकुलता एक भाऊ मंडपामागे धुरात झारा फिरवत बसलेला! सासरी जाईपर्यंत मी रडले ते माहेर सुटलं म्हणून कमी आणि रागानं जास्त. पहिल्या सणाला आले तेव्हा मी त्याला फैलावर घेतलं. लाकडं ओढून विस्तव कमी करता आला नसता का तुला? तो गोरामोरा झाला. "थो येतो म्हणला ना वं," एवढंच म्हणाला. वर माझ्यासाठी वेगळी ठेवलेली बासुंदी मला मिळालीच नव्हती, हे ऐकून त्यालाच वाईट वाटलं. असल्या माणसावर किती दिवस रुसणार?

पूर्वा झाली आणि दादाला बत्तीलालची गोष्ट सांगायला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. तोवर ते कार्टून टीव्हीवरून कधीच गेलं होतं, पण त्याला भाग तोंडपाठ होते. रात्री भट्ट्यांच्या उजेडानं प्लांटकडचं आभाळ लालेलाल होतं, ते दाखवून पूर्वा सगळ्यांना सांगायची, "मेरे पापा शिडी पर चढ़के जलाते हैं." वहिनीनं कितीदा समजावलं, पण दादानं काही तिचा गैरसमज दूर केला नाही. मग ती शाळेत जायला लागली आणि टीव्हीवर नवा बत्तीलाल आला. सडपातळ, मिशा गुल, उडती स्कूटर, आणि हातात रिमोट. बटण दाबलं की सगळे तारे एकदम. पूर्वा एका आठवड्यात फितूर झाली. "पापा, आप वाला तो बुड्ढा है." दादाच्या जिव्हारी लागलं. "एका बटनात सारे तारे? मंग याले कामावर ठेवलं कावून?" "पापा, वो स्मार्ट वर्क करता है!" क्वार्टर सोडून दादानं घेतलेल्या वैशाली नगरच्या घरात जेवताना हे भांडण ठरलेलं. वहिनी म्हणायची, "लोकाईच्या घरी सासू-सुना भांडतात, आमच्या घरी बाप-लेक, अन् थेही कार्टूनवरून."

पुढे पूर्वा शिकायला बाहेर गेली, मग नोकरीला. घरात आधीच ती हिंदीतून बोलायची आणि दादा मराठीतून. फोनवर तर दोघांची भाषा आणखीच आटली. "जेवली का?" "हां पापा." "थंडी हाय का तिकडे?" "नहीं पापा." मग दादा हळूच म्हणायचा, "तुझा थो स्कूटरवाला काय म्हणते?" की पूर्वा सुटायची. अर्धा अर्धा तास. एकदा मी सहज चिडवलं, आता साठीला आलास, बत्तीलाल सोड. दादा हसला नाही. म्हणाला, "थे माझ्याशी फक्त याच्यावरच बोलते वं. हे बी सोडलं तं काय बोलू?" त्या दिवसापासून मी त्याच्या कार्टूनची चेष्टा कमी केली. अगदी बंद नाही केली.

आणि मग जाहीर झालं की दिवाळीत सिनेमा येतोय, त्यात जुना आणि नवा, दोन्ही बत्तीलाल एकत्र! दादानं मला सकाळी सकाळी मेसेज पाठवला, त्यात अक्षर एकही नाही, नुसते दिवे. त्याच्या मोबाइलवर बत्तीलालप्रेमींचा एक ग्रुप होता. जुने प्लांटवाले, त्यांची पोरं, जवळच्याच कोहक्याचा एक दुकानदार, असे सगळे हौशी. तिथे धुमश्चक्री सुरू झाली. कोण जिंकणार? शिडी की स्कूटर? जुन्याचा आवाज तोच ठेवतील का? पूर्वाही त्या ग्रुपवर होती आणि बापाच्या प्रत्येक मेसेजखाली उलटं लिहायची. दादाचं मत मात्र ठाम होतं. वहिनीच्या हातचा चहा घेत त्यानं मला ते समजावून सांगितलं, जणू सिनेमा त्यालाच विचारून काढला होता. "हे सारे म्हणून राहिले का दोघाईची लढाई होईन. कायची लढाई? म्हातारा शिडीवर बसला हाय, इतकी वर्सं कोणी आलंच नाही त्याले सोडवाले. आता हा स्कूटरवाला येईन, चार्ज घेईन. बस. पूर्वाले कळत नाही, तिचा थो रिलीव्हर हाय." पूर्वाला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "पापा, इतनी बोरिंग फिल्म कोई नहीं बनाता." पण रजा टाकली. दिवाळीला येते, पहिल्या दिवशी तुमच्या शेजारी बसून बघते, हरलात तर सगळ्यांसमोर कबूल करायचं, असं ठरलं. कित्येक वर्षांनी लेक दिवाळीला घरी येणार होती. दादाला सिनेमाचं जेवढं अप्रूप होतं, त्याहून त्या शेजारच्या खुर्चीचं जास्त होतं.

दिवाळी काही त्याच्या नशिबी नव्हती. पावसाळा सरता सरता छातीत दुखायचं निमित्त झालं, आणि सारं आटोपलं. पूर्वा दुपारी पोचली तेव्हा दादाला अंगणात आणून ठेवलं होतं. ती रडली नाही, त्याच्या पायाशी बसून राहिली. संध्याकाळी माणसं पांगल्यावर मला म्हणाली, "आत्या, सबके लिए रुकते थे ना पापा? मेरे लिए नहीं रुके." जन्मभरात पहिल्यांदाच माझा भाऊ रिलीव्हर यायच्या आधी उतरला होता. मी तिला जवळ घेतलं. माझ्याही मनात तेच होतं, आणि मला त्याचा, लग्नात आला होता तसा, राग आला होता.

दिवाळी आली. घरात आकाशकंदील नव्हता, फराळ नव्हता. पूर्वा मात्र ठरल्याप्रमाणे आली आणि म्हणाली, सिनेमाला जायचं. वहिनी कचरली, दुखवट्याचं घर, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना म्हणू दे, दादा असता तर सगळ्यांत पुढे असता. आम्ही तिघी गेलो. पूर्वानं एक तिकीट जास्तीचं काढलं होतं, त्या खुर्चीवर तिनं आपली पर्स ठेवली. सिनेमा म्हणाल तर नुसता गोंगाट. दोन्ही बत्तीलाल पहिल्या भेटीतच भिडले, शिडी मोडली, स्कूटर आपटली, मग एक तिसराच दुष्ट निघाला, त्याला दोघांनी मिळून हाणलं, आणि शेवटी म्हातारा स्कूटरवर बसून नाचला. चार्ज नाही, रिलीव्हर नाही, काही नाही. पोरं टाळ्या पिटत होती. बाहेर आल्यावर पूर्वा म्हणाली, "पापा हार गए." आणि हसली. हसता हसता तिला रडू फुटलं, मॉलच्या पायऱ्यांवरच, आणि ते इतक्या आठवड्यांचं साचलेलं रडणं होतं. डोळे पुसून म्हणाली, "पापा वाली फिल्म अच्छी थी, आत्या." वहिनीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, दादा हरला हे बरंच झालं, लेकीनं त्याची बाजू घेतलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तिच्या परतीच्या दिवशी मी वहिनीच्या सोबतीला राहायला येणार होते, तसं आधीच ठरलं होतं. पण निघता निघता दारात पाहुणे आले, मग दुर्गच्या फाटकावर मालगाडी आडवी, आणि पोचायला मला चांगलाच उशीर झाला. वैशाली नगरच्या घरासमोर रिक्षा उभी, रिक्षावाला वैतागलेला, बॅग आत ठेवलेली, आणि पूर्वाचा पत्ता नाही. मी धावत आत गेले. स्वयंपाकघरात दादा बसायचा त्या स्टुलावर ती बसली होती. गॅसवर दुधाचं पातेलं, तिच्या हातात चमचा. शेजारच्या खोलीत वहिनी गाढ झोपली होती, दादा गेल्यापासून पहिल्यांदाच अशी. मी दबक्या आवाजात पूर्वावर ओरडले, अगं गाडी सुटेल, गॅस बंद करून निघायचंस ना, मी आलेच असते. ती शांतपणे उठली, चमचा माझ्या हातात दिला आणि ओढणी सारखी केली. इतकी वर्षं हिंदीतून बोलणारी ती पोरगी अगदी सहज म्हणाली, "आली का आत्या? मंग मी उतरतो."

रिक्षाचा आवाज कोपऱ्यावरून गेला. मी स्टुलावर बसले. वहिनी झोपेत कुशीवर वळली, आणि मी दूध ढवळत राहिले.