भिंतीवरची भूमिका

लहानपणी मी फोटोत कधी स्थिर राहिले नाही. शाळेच्या प्रत्येक ग्रुप फोटोत माझ्या जागी नुसता धुरकट डाग आहे. धड आला तो एकच फोटो, कॉलेजात असताना साडीच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी काढलेला. त्यावर मला पहिला सिनेमा मिळाला. म्हणजे फोटोला मिळाला. नायकाच्या दिवंगत बायकोचा फोटो म्हणून त्यांनी तो भिंतीवर टांगला. मला शूटिंगला कुणी बोलावलंसुद्धा नाही. सिनेमा बघून बाबा म्हणाले, "छान केलंस. कुठे अडखळली नाहीस."

पुढे ती फ्रेम बाबांनीच मागून आणली आणि खडकीच्या आमच्या क्वार्टरमध्ये, हॉलमध्ये लावली. लाकूड सागवानी होतं. चंदनाचा हार चिकटवलेला होता, तो ओढला तर पॉलिश निघेल म्हणून तसाच ठेवला. पॉलिशची काळजी घरात सगळ्यांना होती.

महिन्याभरात समोर नव्यानं राहायला आलेल्या काकू भेटायला आल्या. फोटो बघून आईचा हात धरून बसल्या. मी पाणी घेऊन गेले तेव्हा म्हणाल्या, "धाकटी ना? अगदी ताईसारखी दिसतेस."

मी हो म्हणाले. वाद घालण्याइतकी माझी भूमिका मोठी नव्हती.