शिकाऊ शिलाई

लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर परदेशी मदतीतून शिवणकेंद्र निघालं, तेव्हा मी पहिल्याच दिवशी नाव घातलं. मशिनी झकास होत्या. अट एवढीच, की इथे फक्त शिकायचं, कमाईचं काम करायचं नाही. आणि बायका शिकल्या की मशिनी दुसऱ्या वस्तीत जाणार.

वर्षभरात मी ब्लाऊज बेतायला लागले. तरी केंद्रात रुमालच शिवत राहिले. आम्ही सगळ्याच मुद्दाम शिकाऊ राहिलो होतो. घरी मशीन घ्यायची म्हटली तर ठेवणार कुठे? एका खोलीत सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. पसरायचं अंथरूणसुद्धा ठरवून पसरावं लागतं.

गेल्या वर्षी काळाचौकीच्या एका मंडळाचा कार्यकर्ता आला. "ताई, प्रसादासाठी कापडी पिशव्या पायजेत. जमलं तर दरवर्षी तुम्हालाच काम."

माझ्या डोक्यात लगेच मुलीचा क्लास, सासऱ्यांची औषधं सुरू झाली. केंद्राच्या मॅडम म्हणाल्या, "नियम माझा नाही गं. देणाऱ्यांकडच्या बाई येतायत, त्यांना विचार. मी इंग्रजीत सांगेन." शेजारची वहिनी म्हणाली, "तू बोल, आम्ही हाव ना मागे!"

पाहुणी आली. स्वभावाने गोड, त्यामुळे धड चिडताही येईना. अशा मदतीने घराघरात कमाई वाढते, देश वर येतो, असं ती म्हणाल्याचं मॅडमनी आम्हाला सांगितलं. मी विचारलं, "आम्ही शिकलो, तर मशिनी इथेच ठेवाल? काम आलंय." मॅडमनी नीट सांगितलं. पाहुणीला खरंच वाईट वाटलं. मशिनी ज्यांना शिवता येत नाही त्यांच्यासाठीच असतात, म्हणाली. मग तिने मॅडमकरवी मला विचारलं, "तुला येतं का आता?"

हो म्हटलं तर मशीन जाणार. नाही म्हटलं तर मशीन राहणार, पण पिशवी शिवता येणार नाही. मी वहिनीकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती. मला तिचा राग आला, त्या गोड बाईचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"अजून नाही," मी म्हटलं.

पाहुणी स्टूल ओढून माझ्याशेजारी बसली. माझं बोट धरून कापड कसं सरकवायचं ते दाखवू लागली. मी आधी वाकडी शिवण घातली, मग हळूहळू सरळ. तिने आनंदाने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या, वहिनीने सर्वांत जोरात.